पांढरी कड

सावियोने धक्का बांधला तेव्हा
तो नुसत्या करड्या ठोकळ्यांचा होता.
पाणी म्हणजे निळा पत्रा,
पायऱ्या म्हणजे सात खोकी, एकाखाली एक.
शेजारच्या रोझेंदोने, वय वर्षं नऊ,
ती चार मिनिटांत ओलांडली
आणि विचारलं, पुढे काय?

पुढे मी.

सतरा दिवस मी त्या खोक्यांचा
चोडणचा धक्का करत होते.
जांभा चढवला, त्याची भोकं एकेक करून कोरली,
भोकांत ओल, ओलीवर शेवाळ,
शेवाळाला तो रंग, जो मांडवीवर
साडेसहाला येतो आणि नाव विचारायच्या आत जातो.
खांबांना कालवं चिकटवली.
चिखलातून खारफुटीची मुळं वर काढली,
बुडणाऱ्याच्या बोटांसारखी.
पाण्यात दिव्यांच्या लांब पिवळ्या शेपट्या.
खेळ थांबवून मी नुसती बघत बसायचे,
चहावर साय धरायची.

रोझेंदो अकरा वेळा बुडाला.
बाराव्या वेळी कंट्रोलर मांडीवर ठेवून
अगदी शांतपणे म्हणाला,
"सोबीत आसा गे. पूण हांव उडूं खंय?"
सोबीत, म्हणजे सुंदर.
ते त्याने आधी सांगितलं, हा त्याचा चांगुलपणा.

सावियो म्हणाला, पायऱ्यांवर पिवळे बाण टाक, चमकणारे.
मी म्हणाले, मग देवळावर 'देऊळ' असं लिहू का?
तो म्हणाला, पोर बुडतंय
आणि तू शेवाळ मोजतेस.
त्यानंतर फक्त पंखा बोलत होता.

रात्री चित्रातले सगळे रंग काढून घेतले.
एक बटण असतं त्याला.
उरली राख.
पायरी, पाणी, खांब, माझे सतरा दिवस,
सगळ्यांची राख एकाच वजनाची.

दुसऱ्या दिवशी रायबंदरहून फेरी धरली.
पलीकडे पोचेपर्यंत उजेड संपला होता,
धक्क्यावरचा एकुलता दिवा गेलेला.
फळी खाली आपटली.
स्कूटर उताराने गेल्या, चालणारे पायऱ्यांनी:
डोक्यावर टोपली घेतलेली बाई,
झोपलेलं मूल खांद्यावर टाकलेला बाप.
कोणी पायांकडे बघत नव्हतं.
फक्त मी बघत होते.

प्रत्येक पायरीच्या कडेला चुना.
चार बोटं रुंद. बास, एवढंच.

"चवथीच्या आधी मी मारतो," फेरीवरचे खुशाली नाईक म्हणाले,
दोर गुंडाळता गुंडाळता.
मी मोबाइलचा उजेड धरला, तेव्हा दिसलं:
प्रत्येक पट्टा जिथे संपतो
तिथे कुंचला जरासा वळलाय.
वेलीचं टोक म्हणा. शेपूट म्हणा.
"हे कशाला?"
"कुंचल्यात चुना उरतो. फुकट का घालवायचा?"
"आणि सातवी पायरी? ती तर भरतीत बुडते."
"बुडते. पंधरा दिवसांत चुना जातोच तिचा."
"तिच्यावरही वळण काढता?"
खुशाली नाईकांनी माझ्याकडे असं बघितलं
की मी विचारलं होतं,
जेवताना मीठ घेता का.

परत आले. अर्धं शेवाळ खरवडलं.
त्रास झाला, खोटं कशाला बोलू.
पिवळ्या शेपट्यांतल्या दोन ठेवल्या,
पायरीपासून लांब, नजर तिथे अडकू नये म्हणून.
मुळांना अंधारात ढकललं.
आणि कडा पांढऱ्या केल्या, चार बोटं,
टोकाला कुंचला वळवून.
सातवीलाही, पाण्याखाली.
सावियो म्हणाला, तिथे कोण बघणार?
उत्तर दिलं नाही. बाण मात्र त्यानेही काढून टाकले.

शनिवारी रोझेंदो आला, तोंडात आंब्याचं साट.
सावियोने वेळ लिहून घेतली:
पाच मिनिटं नऊ सेकंद, एकदा बुडाला.
आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.
कुठल्या पायरीवर घसरलास रे?

घसरलो नाही, म्हणाला.
मुद्दाम उडी मारली.
खाली काय काढलंय ते बघायला.